कंपनीतलं मशीन आणि दारातली अल्टो

कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत जा. प्रत्येक मशीनला एक कागद लटकवलेला असतो. ऑइल लेव्हल बघितली का, कूलंट बघितलं का, बेल्टचा ताण बघितला का, इमर्जन्सी स्टॉप चालतोय का. ऑपरेटरने रोज सकाळी टिक करायची, सुपरवायझरने खाली सही मारायची. गिऱ्हाईकाचं ऑडिट असलं की त्या कागदापायी अख्खं खातं आठवडाभर पळत असतं. सेफ्टी शूज नसतील तर गेटवरचा वॉचमन मालकाच्या मेव्हण्यालाही आत सोडत नाही.

आता त्याच कंपनीच्या पार्किंगला या. चार-दोन जुन्या अल्टो, एखादी व्हॅगन आर, सँट्रो, एक ओम्नी. मालक कोण? तोच ऑपरेटर, तोच सुपरवायझर. टायर गोटा झालेत. मागच्या डाव्या बाजूचा ब्रेक लाईट कधी गेला त्यालाच माहीत नाही. सीट बेल्टच्या खाचेत बेल्ट नाही, एक नुसतीच क्लिप खोचलेली आहे, गाडीने टीं टीं करून डोकं उठवू नये म्हणून.

मशीन मालकाचं आहे म्हणून रोज तपासायचं, आणि गाडीत आपली बायको, आपली पोरं बसतात म्हणून ती देवाच्या भरवशावर सोडायची? हा कुठला हिशोब आहे, मला कुणीतरी सांगा. मी स्वतः बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत, म्हणून हक्काने विचारतोय. राग आला तर येऊ दे.

आधी त्या क्लिपचं बोलू.

सीट बेल्टचा अलार्म बंद करायची ती क्लिप शंभर-दोनशे रुपयांत मिळते. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना असल्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. त्याआधी लोक उघड मागवत होते, वर पाच स्टार देत होते. म्हणजे गाडी बनवणाऱ्याने एक इमर्जन्सी स्टॉप दिला आणि आपण पैसे खर्चून तो जाम केला. कंपनीत कुणी मशीनच्या गार्डचा लिमिट स्विच चिकटपट्टी लावून दाबून ठेवला तर त्याच दिवशी मेमो मिळतो. इथं मेमो द्यायला कुणी नाही, एवढाच फरक.

"गावातल्या गावात कशाला बेल्ट?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. दादा, हिशोब मांडू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीला धडकणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडणं. दहा मीटर म्हणजे तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर तुम्ही पोराला मांडीवर घेऊन बसाल का? कुपवाड फाट्यापासून विश्रामबागेपर्यंत रस्ता मोकळा मिळाला की काटा ५० च्या वर जातोच की.

केंद्र सरकारचाच आकडा आहे. २०२२ या एका वर्षात देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं अपघातात मेली. त्यातले ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ शेजारी-मागे बसलेले. जवळजवळ निम्मे निम्मे. म्हणजे बेल्ट ही फक्त ड्रायव्हरने पोलीस दिसल्यावर खांद्यावर ओढून घ्यायची गोष्ट आहे, हा समज त्या आकड्यातच मोडतो.

मागच्या सीटचं तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज होती. पुढच्या दोघांना जबर मार लागला पण ते वाचले, मागे बसलेले दोघं गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. त्या वेळी आठ-दहा दिवस सगळ्या ग्रुपवर चर्चा झाली. मग गणपती गेले, दसरा आला, विषय संपला. कायद्यात मागच्या सीटलाही बेल्ट सक्तीचा आहे, नसेल तर एक हजार दंड आहे, लहान पोरांची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे. आपल्या भागात मागच्या सीटसाठी कुणाला पावती झालेली मी तरी बघितलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मर्सिडीजवाल्यांच्या गोष्टी आम्हाला कशाला? उलट त्या आपल्यालाच जास्त लागू आहेत.

छोटी गाडी ही आपल्या माणसाची कमाई आहे, तिची चेष्टा करायला मी बसलेलो नाही. टाकीवर एक पोरगं, मधे एक, मागे बायको कडेवर तान्हं घेऊन, अशी भर पावसात बाईक चालवणारा माणूस चार पैसे साठवून जुनी अल्टो घेतो, तेव्हा तो घराला वर आणत असतो. रतन टाटांना नॅनो सुचली ती असंच एक कुटुंब स्कूटरवर बघून, आणि जानेवारी २००८ मध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा आपल्याकडं कितीतरी घरांत पेढ्याचा वास आला होता. पण खरं तेही बोललं पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो, पोलो, सगळ्या साध्या, एअरबॅग नसलेल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य. ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सरकारने सक्तीची केली ती जुलै २०१९ पासून, शेजारच्याची त्याच्याही नंतर. आपल्या भागात जुन्या बाजारातून हातोहात फिरणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच्या आधीच्याच.

म्हणजे ज्या गाडीचा पत्राच तुम्हाला फारसा वाचवणार नाही, तिचे टायर, ब्रेक आणि बेल्ट हेच तुमचं सगळं भांडवल आहे. मोठ्या गाडीवाल्याच्या दहातल्या दोन चुका गाडी पोटात घालते. आपली घालत नाही. आणि देखभाल बघावी तर सगळी उलटी. मोठी गाडी शोरूमला वेळच्या वेळी जाते, आपली मात्र काहीतरी खडखडल्याशिवाय गॅरेजला जात नाही.

टायरकडे येऊ. इथं मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण कुपवाडचा माणूस दिवसभर मोजमापातच असतो. जॉब दोन शतांश मिलिमीटरने उतरला तर रिजेक्ट मारतो. त्याच्या खिशात व्हर्निअर असतो. त्या व्हर्निअरच्या शेपटीतून खोली मोजायची काडी बाहेर येते की नाही? ती टायरच्या खाचेत घाला. १.६ मिलिमीटरच्या खाली आलं तर नियमाने टायर रिजेक्ट. तेवढंही नको असेल तर खाचेत आडवे उंचवटे दिलेले असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. खाच कशासाठी असते? पावसात टायरखालचं पाणी बाहेर फेकायला. खाच संपली की टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी तिला वाटेल तिकडे जाते. मिरज–पंढरपूर हायवेवर पहिल्या वळवाच्या पावसात तानंग फाट्याच्या पुढे-मागे हे बघायला मिळतंच.

टायरच्या कडेला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं उलटून गेली, कडेला बारीक भेगा दिसायला लागल्या, तर खाच कितीही खोल असू दे, टायर बदलायचा. रबर म्हातारं होतं. "गाडी चाललीच नाही, उभीच होती," हे टायरच्या बाबतीत कौतुक नव्हे. जुनी गाडी घेताना लोक म्युझिक सिस्टीम लावून बघतात, हा चार आकड्यांचा शिक्का बघणारा मला हजारात एक भेटलाय.

आणि हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो, हे ज्ञान आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना आहे, आणि ते चुकीचं आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते, त्याने टायर आतून तापतो. मे महिन्याचं ऊन, तापलेला रस्ता, गाडीत पाचाऐवजी सात जण आणि वर हवा कमी, अशा वेळी टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने स्टिकर लावलेला असतो, किती हवा, किती वजनाला. तेवढीच भरायची, टायर गार असताना. लांबून आल्यावर तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडायची नाही. स्टेपनीतही बघायची. स्टेपनीत हवा नसणं हा आपल्याकडचा सर्वपक्षीय कार्यक्रम आहे.

ब्रेकचं काय सांगू. पेडल दाबलं की गाडी थांबते, म्हणजे ब्रेक चांगले आहेत, असं मानणाऱ्यांची गाडी पावसाळ्यात आंबा घाटात भेटते. सुट्टी लागली, गणपतीपुळे ठरलं, पाच सीटच्या गाडीत आठ जण, डिकीत जेवणाचे डबे, कॅरिअरवर बॅगा. घाट सुरू झाला की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. अरे बाबांनो, ब्रेकला पायाच्या जोरासोबत इंजिनची ओढ मदत करत असते. इंजिन बंद झालं की एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. आणि न्यूट्रलमध्ये आठ माणसांचं वजन एकट्या ब्रेकच्या लायनरवर येतं. ते तापतात, तापले की धरत नाहीत.

जुने एसटी ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्याच्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही.

ब्रेक ऑइल हा आणखी एक प्रकार. ते हवेतला दमटपणा शोषतं. दोन वर्षं झाली की त्यात इतकं पाणी गेलेलं असतं की घाटात तापल्यावर त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते, ब्रेक पुढे जातच नाही. पाय फळीपर्यंत जातो, गाडी थांबत नाही. इंजिन ऑइल बदलणारे पुष्कळ, कारण इंजिन जाम झालं तर चाळीस हजारांचा खड्डा. ब्रेक ऑइल काळं होईपर्यंत कुणी झाकण उघडत नाही. आमच्या लोकांना इंजिनाची काळजी माणसांपेक्षा जास्त आहे, असं मी म्हटलं तर लोक म्हणतात अण्णा कडू बोलतात.

बरं, पैसे नसतात म्हणावं तर तेही पटत नाही. टायरला पैसे नसलेल्या गाडीवर मी समोर लोखंडी गार्ड बघितलाय, डोळे दिपवणारे पांढरे एलईडी बघितलेत, चारी काचांना काळी फिल्म बघितलीय, मागे बारा इंची स्पीकर बघितलाय. लोखंडी गार्डवर २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बंदी घातली. एअरबॅगच्या गाडीला तो लावला की धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत जसा जायला हवा तसा जात नाही, आणि समोरच्या पायी चालणाऱ्याचा तर जीवच जातो. काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंद केली. एलईडीने तुम्हाला लांबचं दिसतं, पण समोरून येणारा आंधळा होतो आणि तोच आंधळा तुमच्याच अंगावर येतो. या सगळ्याची बेरीज करा. दोन नवे टायर आणि ब्रेकचं सगळं काम त्यात निघून वर चहापाणी होईल.

गॅसवाल्यांना एकच सांगतो. घरगुती लाल सिलिंडरमधून मोटर लावून गाडीत गॅस भरणं हा गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत आहे, पोलीस छापे टाकतात त्या बातम्याही तुम्ही वाचता. गाडीच्या टाकीवर तपासणीच्या तारखेची पट्टी असते. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी, एलपीजीची पाच वर्षांनी दाबाखाली तपासून घ्यायची असते. ती तारीख मागच्या सीटमागे, तुमच्या पोराच्या पाठीशी आहे. एकदा वाचा.

आणि सांगलीत राहून पुरातल्या गाड्यांचं बोललं नाही तर काय बोललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये परत पूर आला. कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या सगळ्या भंगारात गेल्या असं ज्याला वाटतं त्याला नमस्कार. धुऊन, पुसून, सेंट मारून त्या बाजारात येतात, इथं नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बुडालेल्या आपल्याकडे येतात. गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाळाचा पट्टा बेल्टच्या टोकाला राहतो, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. मॅटखालचा गालिचा उचला, सीटचे नटबोल्ट गंजलेत का बघा, हेडलाईटच्या आत माती बसलीय का बघा. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग आज चालतं आणि सहा महिन्यांनी रात्री हायवेवर बंद पडतं. एअरबॅगचा डबा पाण्यात गेलाय की नाही, हे तर धडक झाल्यावरच कळणार. विकणाऱ्याने हे सांगायला नको? मला वाटतं, न सांगणाऱ्याला फसवणुकीच्या गुन्ह्यात आत घातलं पाहिजे. तोवर आपले डोळे उघडे.

आता नेहमीची कॉमेंट येणार. "आधी रस्ते नीट करा म्हणावं महापालिकेला, मग आम्हाला शिकवा."

म्हणावं की! मी म्हणतोच. १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली, नावात कुपवाड शेवटी आणि रस्त्याच्या कामातही शेवटी, हे मी इथंच किती वेळा लिहिलंय. एमआयडीसीच्या रस्त्यावर रात्री दिवे न लावता उभे केलेले ट्रेलर, पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, गाळपाच्या हंगामात मागे एक रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, हे सगळं खरं आहे आणि त्याच्यावर भांडलंच पाहिजे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून थेट ५,००० केली. घ्या पैसे, पण त्या पैशात गाडीचा ब्रेक मशीनवर लावून बघा. कागदावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर जुळला म्हणून गाडी थांबते असं नाही. पीयूसीचंही तेच. गाडी घरी आणि पीयूसी खिशात, असं झालेले चार जण तुमच्याच ओळखीत निघतील.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. शॉपफ्लोअर खराब असला, धूळ जास्त असली, की आपण मशीनची सर्व्हिस लवकर करतो का उशिरा? लवकर करतो. मग रस्ता खराब म्हणून सस्पेन्शन बघायचं सोडून द्यायचं, अलाइनमेंट करायची सोडून द्यायची, हे कुठलं लॉजिक? दिवे नसलेली ट्रॉली समोर येणारच आहे, म्हणून तर आपली काच आणि आपला हेडलाईट स्वच्छ पाहिजे. वायपरचं रबर दोनशे-तीनशे रुपयांत येतं. त्याच्यासाठी महापालिकेचा ठराव लागत नाही.

इन्शुरन्सचंही याच दमात सांगतो. नव्या गाडीचा थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदमच काढावा लागतो, म्हणून तेवढा असतो. जुन्या गाडीचा संपला की संपला. "अपघात झाला तर बघू." अपघातात तुमचंच नुकसान होतं असं कुणी सांगितलं? रात्रपाळी सुटून सायकलवरून घरी जाणारा माणूस तुमच्या गाडीखाली आला, तर त्याच्या घरच्यांना कोर्ट जी भरपाई देईल ती तुमच्या पगारातून, तुमच्या प्लॉटमधून जाईल. आणि तुमच्याकडे प्लॉटच नसेल तर त्या बाईला काहीच मिळणार नाही. चूक तुमची आणि उपाशी तिची पोरं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

एमआयडीसीतल्या मालक मंडळींना आणि युनियनवाल्यांना एक मागणी आहे, लाखांची नाही. प्रत्येक कंपनीत कंप्रेसर आहे. त्याची एक नळी गेटजवळ काढा, एक चांगला गेज द्या, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी अर्धा तास कामगारांच्या गाड्यांची हवा आणि टायर बघून द्या. मेंटेनन्सचा एक पोरगा पुरे. सेफ्टी वीकला तुम्ही ४ मार्चला शपथ घेता, पोस्टर लावता, निबंध स्पर्धा घेता, त्याच खर्चात बसेल. कामगार गेटच्या आत सुरक्षित आणि गेटच्या बाहेर आपला काही संबंध नाही, असं चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवर तोच माणूस पाहिजे असतो ना?

तोवर ज्याच्या दारात गाडी आहे त्याने आज शिफ्ट सुटल्यावर चार टायर आणि एक स्टेपनी, पाच जागी व्हर्निअर आणि गेज लावायचा. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून रंग बघायचा. ती क्लिप काढून गटारात टाकायची. आणि मागच्या सीटचे बेल्ट आधी शोधायचे. बहुतेक गाड्यांत ते सीटखाली दबलेले असतात, आणि नवीन सीट कव्हर घातलेलं असेल तर कव्हरवाल्याने बकल आतच दडपून टाकलेलं असतं. ब्लेडने टाका उसवा, बकल वर काढा, आणि पोराला लावून दाखवा कसं लावायचं ते.